सव्वासहाचे पाणी

दिनकरराव खांबेटे यांनी उभ्या आयुष्यात एकच कीड नीट ओळखली, आणि ती लखनौजवळच्या मलिहाबादच्या प्रत्येक बागवानाला त्यांच्या आधीपासून ठाऊक होती. हे मत दुसऱ्या कोणाचे नाही, त्यांचे स्वतःचे आहे. निवृत्तीनंतरच्या चौथ्या हिवाळ्यात त्यांच्या हातून जे घडले, त्यानंतर ते हे मत अलीगंजातल्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवीत. आणि ऐकवताना स्वतःला कोठेही पाठीशी घालीत नसत.

जन्म सांगलीचा, शिक्षण पुण्याचे. कीटकशास्त्रातली पदवी घेऊन ते १९५९ साली लखनौच्या सरकारी फळसंशोधन केंद्रात दोन वर्षांसाठी म्हणून आले आणि एकतीस वर्षांनी तेथूनच निवृत्त झाले. या एकतीस वर्षांत त्यांनी आंब्यावरच्या पिठ्या ढेकणाचा पिच्छा पुरवला. हा पांढरा, पीठ फासल्यासारखा किडा डिसेंबर-जानेवारीत झाडाखालच्या मातीतून बाहेर पडतो आणि खोडावरून वर चढतो. त्याला वाटेतच अडवायचे, तर खोडाला कमरेइतक्या उंचीवर प्लॅस्टिकच्या जाड कापडाची पट्टी आवळायची आणि तिच्या खालच्या काठाला ग्रीस फासायचे. किडा घसरतो, खाली पडतो आणि उपाशी मरतो. दिनकररावांनी दशहरीच्या हजारो झाडांना अशा पट्ट्या बांधवून घेतल्या. जीप दिसली की बागवान एकमेकांना म्हणत, "पट्टीवाले साहब आ गए." दिनकरराव हा गौरव समजत. तो गौरव होताच. फक्त पट्टीपलीकडे साहेबांना काही येत असेल, असे त्यात कोणी म्हटलेले नव्हते.

निवृत्त झाल्यावर साहेबांना बांधायला झाडे उरली नाहीत. मग त्यांनी घर बांधून काढले. साबणाच्या वडीवर ती सुरू केल्याची तारीख कोरली जाऊ लागली. दोन छत्र्यांना क्रमांक मिळाले. वाणसामानाच्या यादीपासून मुलीच्या पत्रांपर्यंत घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर 'प्राप्त' असा रबरी शिक्का बसू लागला, त्याखाली आवक क्रमांक पडू लागला आणि कागद योग्य त्या फाइलमध्ये जाऊ लागला. कोणतीही वस्तू लेखी आदेशाशिवाय टाकून द्यायची नाही, हा सरकारी नियमही त्यांनी घरात लागू केला. आदेश काढणारे तेच असल्यामुळे, आणि ते आदेश काढीत नसल्यामुळे, कपाटे भरत चालली होती.

त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी या सगळ्याशी एक सोयीस्कर तह केला होता: घर दिनकररावांचे, कुंड्या त्यांच्या. आणि कुंड्यांमध्ये एक कुंडी अबोलीची.

लखनौच्या उन्हाळ्यात अबोली तग धरते, पण हिवाळ्यातल्या पाल्याने, म्हणजे इकडच्या गोठत्या दवाने, एका रात्रीत काळी पडते. चंद्रप्रभाबाईंनी अकरा वर्षांत चार वेळा माहेरच्या मावशीकडून बी मागवले होते. तीन वेळा रोपे पाल्याने नेली. चौथ्या खेपेची तीन रोपे मात्र एका कुंडीत दोन वर्षे जगली, फुलली, आणि त्या वर्षीच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला शहरातल्या बावीस मराठी बायकांच्या केसांत दोन-दोन अबोलीची फुले गेली. त्यांत कारवारकडची एक सुभेदारीणबाई होती. फुले हातात घेऊन ती नुसती उभीच राहिली; कुंकू लावायलाही कपाळ पुढे करायचे तिला सुचले नाही. पुढच्या चैत्रात प्रत्येकीला पुरी वेणी द्यायची, असे चंद्रप्रभाबाईंनी तेव्हाच ठरवून टाकले. बी देणारी मावशी मात्र आता राहिली नव्हती. होती ती ही तीन रोपे.

१९९३ च्या डिसेंबरात मुलीच्या, प्रणिताच्या, बाळंतपणासाठी चंद्रप्रभाबाई दोन महिन्यांकरिता पुण्याला निघाल्या. दाराशी रिक्षा उभी होती. दिनकरराव सामानाचे डाग मोजत होते.

"अहो, अबोलीचं ऐकून घ्या."

"पाच. पिशवी धरून सहा. बोल."

"सगळं या चिठ्ठीत लिहिलंय. वाचा."

"वाचतो."

"आत्ता वाचा."

"चंद्रप्रभा, मी कीटकशास्त्रज्ञ आहे."

"म्हणूनच म्हणते, वाचा," बाई म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

दिनकररावांनी चिठ्ठी वाचली. निदान नजरेखालून घातली. नंतर टेबलाशी बसून तिच्यावर शिक्का मारला, 'पाहिले, फाइल करावे' असा शेरा लिहिला, खाली सही केली, आणि 'गृह – संकीर्ण' या फाइलमध्ये ती आवक क्रमांक चारशे अकरा म्हणून लावून दोरी आवळली. काम झाले, असे मनापासून समाधान त्यांना वाटले. कागद फाइलला लागला म्हणजे त्यातले काम झाले, ही समजूत त्यांनी एकतीस वर्षे सरकारात राहून कमावली होती आणि ती त्यांना कोणी परत मागितली नव्हती.

त्याच दिवशी त्यांनी अबोलीचा कारभार हाती घेतला. गच्चीवरच्या दाराशी, जेथे दुपारी ऊन येई, तेथून कुंडी उचलून ती बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या दोन कपाटांच्या बरोबर मध्ये, तिपाईवर ठेवली. तेथे ऊन येत नव्हते, पण दोन्ही बाजूंचे अंतर समान येत होते. कुंडीखाली पाण्याचा डाग पडू नये म्हणून चिनहटहून आणलेली निळी, चकचकीत, खोलगट बशी ठेवली. रोपांवर काही वाळलेली, तपकिरी कणसे उभी होती. फुले झडून गेल्यावर राहिलेली ही चिपाडे त्यांच्या डोळ्यांत सलली. ती सगळी त्यांनी कात्रीने समान उंचीवर कापली. टाकून देण्याचा आदेश नसल्याने एका पाकिटात भरली, त्यावर तारीख लिहिली आणि पाकीट कपाटात ठेवले. मग वेळापत्रक केले: रोज सकाळी सव्वासहा वाजता, मोजपात्राने, अडीचशे मिलिलिटर पाणी. पाणी घातल्यावर नोंदवहीत सही.

त्या वर्षी लखनौत पंधरा-पंधरा दिवस सूर्याचे तोंड दिसले नाही. कोहरा असा की समोरच्या घराचे फाटक वाजले की कळायचे, दिसायचे नाही. दूधवाला उशिरा येई, वर्तमानपत्र त्याहून उशिरा. पण अबोलीला सव्वासहाला पाणी मिळे.

भांडी घासायला येणारी नीलम रोज हा विधी पाहत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला राहवले नाही.

"बाबूजी, जाड़े में रोज-रोज पानी? सड़ न जाई?"

"नीलम, पेड़ को नियमितता चाहिए," दिनकररावांनी समजावले.

"पेड़ को धूप चाहिए, बाबूजी."

"धूप मेरे हाथ में नहीं है. पानी मेरे हाथ में है."

यावर तिने भांडी जरा मोठ्याने आपटली, इतकेच.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिनकररावांच्या चहात एक बारीक काळी माशी पडली. दुसऱ्या दिवशी दोन पडल्या. डासापेक्षा लहान, लांब पायांच्या, उडण्यापेक्षा तरंगणाऱ्या. चिलटे, असा निर्णय त्यांनी उभ्याउभ्याच दिला आणि घरात केळी आणायला बंदी घातली. केळी गेली, माश्या राहिल्या. वर्तमानपत्र उघडले की त्या अग्रलेखावर येऊन बसत. हाताने वारले की उठत आणि संथपणे कुंडीकडे जाऊन मातीवर तुरुतुरु धावू लागत. कोणत्याही कीटकशास्त्रज्ञाने एवढे पाहिल्यावर विचारले असते, की ही कुंडीकडेच का जाते? पण दिनकररावांची विद्या खोडावरून चढणाऱ्या किड्याची होती. उडणारा प्राणी हा त्यांच्या विभागाचा विषय नव्हता.

दरम्यान अबोलीची खालची पाने पिवळी पडू लागली.

रविवारी सकाळी पुण्याहून फोन येई.

"मुलगी झाली हो! प्रणिता छान आहे. नाक तुमचं घेतलंय, बाकी सगळं चांगलं आहे."

"वजन?"

"इकडे आलात की तागडीत घाला तिला. अबोली कशी आहे?"

दिनकररावांनी कुंडीकडे पाहिले. "परिस्थिती समाधानकारक आहे."

"चिठ्ठी वाचलीत ना?"

"वाचून फाइल केली आहे."

हे अक्षरशः खरे होते, आणि याचाच त्यांना पुढे सर्वांत जास्त संताप आला. स्वतःचा.

त्यानंतर दोन दिवसांनी कुंडीतल्या मातीवर, खोडांच्या बुडाशी, पांढरा कापसासारखा थर दिसला. तो पाहताच दिनकररावांच्या अंगात तीन वर्षे झोपी गेलेला पट्टीवाला साहेब ताडकन उठून बसला. पांढरे, मऊ, मातीतून वर येणारे, आणि महिना जानेवारी! पिठ्या ढेकूणच, दुसरे असणार काय? मलिहाबादच्या बागांमधून कधीतरी त्यांच्याच कपड्यांवरून तो घरी आला असावा, अशी उपपत्तीही त्यांनी पाच मिनिटांत मांडली. तीन वर्षांपूर्वी धुतलेल्या कपड्यांवरून तो कसा येईल, हा प्रश्न त्यांनी उपपत्तीला विचारला नाही. भिंग टेबलाच्या खणात होते. ते काढावेसे वाटले नाही, कारण एकतीस वर्षांच्या नजरेला भिंग कशाला?

दुपारच्या खेपेला नीलम आली तेव्हा साहेब जमिनीवर बसले होते आणि तिपाईच्या तिन्ही पायांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळून त्यांच्या खालच्या काठांना ग्रीस फासत होते. अबोलीच्या तिन्ही नाजूक खोडांनाही त्यांनी बोटभर रुंदीच्या पट्ट्या बांधल्या होत्या, सुतळीने, गाठ एकाच बाजूला येईल अशा.

नीलमने पदर तोंडावर धरला. "हाय राम. तिपाई को का हुआ, बाबूजी?"

"कीड़ा चढ़ रहा है. रोक रहा हूँ."

"लेकिन कीड़ा तो ऊपर, मिट्टी में है."

दिनकरराव थबकले. मुद्दा बिनतोड होता. किडा कुंडीत असेल, तर तिपाईच्या पायांना बांधलेली पट्टी त्याला वर येण्यापासून नव्हे, फार तर खाली उतरण्यापासून रोखणार होती. पण हातातले काम अर्ध्यावर सोडण्याची सवय नसल्याने त्यांनी तिसरा पायही पूर्ण केला.

आठवडाभर ते रोज सकाळी पट्ट्यांवर अडकलेले किडे मोजायला भिंगाशिवाय बसत आणि नोंदवहीत 'निरंक' असे लिहीत. शेजारच्या रकान्यात सव्वासहाच्या पाण्याची सही असे. एक रोप मान टाकून पडले. त्यांनी त्याला काडीचा आधार दिला, तो काटकोनात.

उलगडा बटाट्याने केला. नीलम स्वयंपाकघरात बटाटे चिरून ठेवत असे. खराब निघालेल्या बटाट्याच्या चकत्या खत होईल म्हणून तिने अबोलीच्या मातीवर पसरल्या होत्या, आणि हे साहेबांना सांगायची तिला गरज वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपात्र हातात धरून आलेल्या दिनकररावांना त्या दिसल्या.

"नीलम! हे काय? ये क्या है?"

"आलू है, बाबूजी. खाद बन जाई."

"बैठक के कमरे में आलू की खाद?" असे म्हणत त्यांनी दोन बोटांनी एक चकती उचलली, आणि उचललेली तशीच धरून राहिले.

चकतीच्या खालच्या ओल्या बाजूला पाच-सहा अळ्या वळवळत होत्या. दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या, काचेसारख्या पारदर्शक, आणि प्रत्येकीचे डोके टाचणीच्या टोकासारखे काळे चकचकीत. दिनकररावांनी मोजपात्र खाली ठेवले. मग आठवडाभरात पहिल्यांदा ते खणाकडे गेले आणि भिंग काढले.

भिंगाखाली सगळा प्रकार शाळेतल्या धड्याइतका सरळ निघाला. पांढरा थर म्हणजे पिठ्या ढेकूण नव्हताच. पाय नाहीत, अंग नाही, नुसते गुंतलेले तंतू. ओल्या मातीवरची साधी बुरशी. त्या बुरशीवर वाढणाऱ्या या अळ्या, आणि अळ्यांच्या झालेल्या माश्या त्यांच्या चहात. बुरशी पुरेनाशी झाली की अळ्या मुळांचे कोवळे केस खातात. आणि या सगळ्यांना, बुरशीला, अळीला, माशीला, एकच गोष्ट लागते: सतत ओली राहणारी माती. ज्ञान आठवायला लागले तसे भराभर आठवू लागले. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत हा प्रश्न आला होता. त्यांनी तो ऐच्छिक म्हणून सोडला होता.

निळ्या बशीकडे त्यांनी तेव्हा प्रथमच नीट पाहिले. तीत दोन बोटे पाणी होते. ते रोज साचत होते. कुंडीचे बूड महिनाभर त्यात बुडालेले होते.

पण स्वतःला दोषी ठरवायलाही त्यांना कागद लागे. निरीक्षणाचे टिपण लिहून ते फाइलला लावण्यासाठी त्यांनी 'गृह – संकीर्ण'ची दोरी सोडली, आणि सर्वांत वर चारशे अकरा क्रमांकाचा कागद निघाला. चंद्रप्रभाबाईंचे गोल, घाईतले अक्षर:

'अबोलीला रोज पाणी घालू नका. बोट घालून पाहा, दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच घाला. खाली बशी ठेवू नका, पाणी साचून कीड होते. गच्चीच्या दारातून हलवू नका, तिथेच ऊन आहे. वाळकी कणसं तोडू नका, त्यात बी आहे, आल्यावर मी धरीन. मावशी आता नाही, हे लक्षात असू द्या.'

खाली 'पाहिले'. खाली डी. एम. खांबेटे, अशी वळणदार सही.

पाच सूचना होत्या. त्यांपैकी पाचही त्यांनी मोडल्या होत्या, आणि तेही पहिल्याच दिवशी, एका सकाळीत. इतकी तत्परता त्यांनी नोकरीत कधी दाखवली नव्हती. ते खुर्चीवर बसले. शेवटचे वाक्य त्यांनी तीनदा वाचले. त्या वाक्यात काही सूचना नव्हती, म्हणून फाइल करताना त्यांनी ते वाचलेच नव्हते.

आता एकच प्रश्न उरला होता: चंद्रप्रभाबाई येतील तेव्हा कुंडीत काही जिवंत असेल की नाही. हातात साडेचार आठवडे होते.

त्यांनी केंद्रात फोन लावला. सत्यजित बखले पूर्वी त्यांच्या हाताखाली होता आणि आता त्यांच्याच खुर्चीत बसत होता. वडील हवाई दलात असल्याने लखनौतच वाढलेला. मराठी सगळे समजे, उत्तर मात्र हिंदीत येई. संध्याकाळी तो स्कूटरवरून आला. बैठकीत शिरताच त्याची नजर तिपाईच्या पायांवर गेली. मग अबोलीच्या खोडांवर गेली. तो खोकला.

"हसायचं असेल तर हसून घे," दिनकरराव म्हणाले.

"नहीं सर. पट्टी बहुत अच्छी बँधी है."

"किडा वेगळा आहे."

"जी सर. पट्टी अच्छी है, बस." आणि मग मात्र तो भिंतीकडे तोंड करून खांदे हलेपर्यंत हसला.

दोघांनी मिळून कुंडी जुन्या वर्तमानपत्रावर उलटी केली. दोन रोपांची मुळे तपकिरी, लिबलिबीत. हात लावताच साल निघून येई. तिसऱ्याची निम्मी पांढरी होती. सत्यजितने नोंदवही चाळली. रोजची वेळ, रोजची मात्रा, रोजची सही. बत्तीस दिवसांत एकही खाडा नाही.

"सर, इतना डिसिप्लिन से तो किसी ने आज तक पौधा नहीं मारा होगा."

"मी विभागप्रमुख होतो," दिनकरराव म्हणाले. त्यांच्या स्वरात समर्थन नव्हते, कबुलीजबाब होता.

जुनी, अळ्या पडलेली माती काढून फेकली. तिसरे रोप नव्या, जेमतेम ओलसर मातीत लावले, तीत मूठभर कडुनिंबाची पेंड मिसळली, आणि वर मौरंगेचा, म्हणजे इकडे घरबांधणीला वापरतात त्या जाड वाळूचा, बोटभर थर दिला; कोरड्या वाळूत माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही. उडत्या माश्यांसाठी सत्यजितने डब्याचे पिवळे झाकण एरंडेल फासून कुंडीत खोचले. कुंडी गच्चीच्या दाराशी गेली, बशीऐवजी तीन विटांवर.

"आता पाणी?" दिनकररावांनी पेन उघडले.

"नहीं देना है, सर."

"किती दिवस?"

"दिन नहीं, सर. उँगली."

पुढचे नऊ दिवस दिनकररावांच्या मते त्यांच्या सेवाकाळापेक्षा लांब होते. सव्वासहा वाजता ते आपोआप जागे होत, मोजपात्र घेऊन दारापर्यंत जात, वाळूत बोट घालत, ओल लागे, आणि परत येत. नोंदवहीत सही करायला काही नसे. एकदा त्यांनी मोजपात्रातले पाणी स्वतःच पिऊन टाकले, म्हणजे निदान अडीचशे मिलिलिटर कोठेतरी गेले असे व्हावे. पिवळ्या झाकणावर पहिल्या दिवशी एकतीस माश्या चिकटल्या, तिसऱ्या दिवशी बारा, आठव्या दिवशी एक. दहाव्या दिवशी बोट दुसऱ्या पेरापर्यंत कोरडे निघाले. त्यांनी अर्धी वाटी पाणी घातले आणि त्यांना काही केल्या ती वेळ टिपता आली नाही, कारण घड्याळ पाहायचेच राहून गेले.

दरम्यान उरलेल्या रोपाचीही एकेक करून पाने गळाली. चार राहिली. रविवारी फोनवर प्रश्न तोच आला, "अबोली आहे ना?" आणि दिनकरराव "आहे" एवढेच म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात आपण बायकोशी प्रथमच संक्षेपाने बोललो, हे त्यांच्या लक्षात आले. तिच्याही आले असावे.

वीस फेब्रुवारीला चंद्रप्रभाबाई चारबाग स्टेशनवर उतरल्या. घरी आल्या त्या चपला न काढता सरळ गच्चीच्या दाराशी गेल्या. दिनकरराव मागोमाग, हातात टाइप केलेले दोन पानी निवेदन.

कुंडीत वितभर काडी होती आणि तिला चार पाने होती.

बाईंनी दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून माती पाहिली. मग त्यांनी हात पुढे केला. दिनकररावांनी निवेदन दिले. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. 'सदर हानीस निम्नस्वाक्षरीकार सर्वस्वी जबाबदार असून कोणतीही सबब मांडू इच्छित नाही' या वाक्याशी थोड्या थांबल्या.

"तिपाईला पट्टी बांधलीत?"

"तिन्ही पायांना."

"आणि मी लिहिलेलं...?"

"चारशे अकरा," दिनकरराव म्हणाले. "वाचून फाइल केलं होतं."

चंद्रप्रभाबाई विटेच्या कडेला बसल्या. "रोप जाऊ दे हो. हे एक जगेल, नाही जगेल. पण ती वाळकी कणसं होती, त्यावर माझा जीव होता. बी होतं त्यात. कुठे टाकलीत?"

"टाकली नाहीत."

"म्हणजे?"

"टाकायचा आदेश नव्हता."

ते कपाटाकडे गेले. दुसऱ्या खणात, जुन्या दाढीच्या पात्यांच्या डब्याशेजारी, पाकीट होते: 'अबोली. मृत भाग. १८-१२-९३. निर्लेखन प्रलंबित.' चंद्रप्रभाबाईंनी ते हातातून जवळजवळ हिसकावले, कणसे एका ताटलीत ओतली, आणि तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब बोटांनी त्यांवर शिंपडले.

"हे काय?"

"गप्प बसा. बघा."

ते गप्प बसले. काही झाले नाही. ताटलीत ओली चिपाडे नुसती पडून राहिली. उबदार खोलीतल्या कपाटात दोन महिने ठेवलेले बी मेलेही असेल, हा अंदाज दिनकररावांच्या मनात येऊन गेला, आणि निवेदनाला तिसरे पान जोडावे लागणार, हेही.

तट्!

काहीतरी त्यांच्या चष्म्याच्या काचेवर आदळले. ते दचकून मागे सरले. ताटलीतून पुन्हा आवाज आला, तट्, मग तट् तट्, आणि वाळकी बोंडे उकलून बारीक चपटे बी घरभर उडू लागले: फरशीवर, बाईंच्या मांडीवर, निवेदनावर. चंद्रप्रभाबाई हसू लागल्या. वेंगुर्ल्याच्या अंगणात, पाऊस पडला की संध्याकाळभर असे वाजत राही, त्या म्हणाल्या. आणि मग दोन्ही हातांनी बी गोळा करायला लागल्या.

दिनकरराव गुडघ्यांवर बसले आणि कपाटाखाली गेलेले बी भिंगाने शोधू लागले.

"चौदा," शेवटी ते म्हणाले. "मोसमानुसार मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी, रोज सकाळी..."

"तुम्ही नाही."

"मी फक्त..."

"पाणी मी घालणार. तुम्ही कशाला हात लावायचा नाही." बाईंनी बी पदरात घेतले, एक क्षण विचार केला, आणि त्यातले पाच दाणे काढून रिकाम्या पाकिटात टाकले. "हे मात्र तुमच्याकडे राहू दे. कपाटात ठेवा. तुमच्याइतकं काही जपून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

दिनकररावांनी पाकीट घेतले, 'मृत भाग' हे शब्द पट्टी धरून खोडले आणि वर आवक क्रमांक घातला.